लिनक्समध्ये पीआयडी (प्रोसेसचा नंबर) न शोधता, नुसत्या नावावरून प्रोसेस किल करता येते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तो नंबर शोधायला पीएस, ग्रेप, ऑक करून कंटाळलोय आणि मित्र म्हणतो सरळ 'पीकिल -9 -एफ' मार, विषय संपला.

येते की. पीकिल आणि पुढे नाव, बास. पण मित्राचं ते -9 -एफ वाचून गप्प बसवेना, कारण याच्यावरूनच आमच्या एका सीनियरशी माझं चांगलं वाजलं होतं आणि साहेब अजूनही मानायला तयार नाहीत.

सर्व्हरवर रिपोर्ट बनवणारी एक पायथन स्क्रिप्ट कायम चालू असायची, नवा कोड आला की जुनी मारायची आणि नवी उठवायची. साहेबांनी त्यासाठी एक ओळ लिहून ठेवलेली: एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायला), त्यात पीकिल -9 -एफ रिपोर्ट, सेमीकोलन, मग नोहप (कनेक्शन गेलं तरी चालू राहावी म्हणून) लावून नवी स्क्रिप्ट. जुनी मरायची, नवी काही उठायची नाही. साहेबांचं निदान काय, तर नेटवर्क खराब आहे, कनेक्शन तुटतंय. तुटत होतं हे खरंय, पण तोडत कोण होतं? -एफ लावलं की नुसतं नाव नाही, अख्खी कमांड लाइन बघितली जाते, आणि एसएसएचमधून पाठवलेली ती आख्खी ओळ पलीकडच्या शेलच्याच (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) कमांड लाइनमध्ये बसलेली असते, 'रिपोर्ट' या शब्दासकट. पीकिल स्वतःला वगळतं, पण ज्या शेलने त्याला चालवलं त्याला सोडत नाही. शेलच मेला तर सेमीकोलनच्या पुढचं चालवणार कोण? वर आम्ही सगळे एकाच लॉगिनने बसायचो (ते वेगळंच दुखणं), त्यामुळे कुणाचं रिपोर्टचा लॉग बघायला लावलेलं टेल आणि कुणी विम एडिटरमध्ये उघडलेली रिपोर्टची कॉन्फिग फाइल, तेही त्याच फटक्यात गेलं.

मी 'पीग्रेप -एएफ रिपोर्ट' मारून समोर यादीच ठेवली, की बघा कोण कोण मरणार आहे. यावर उत्तर, मग पॅटर्न बदल, -9 राहू दे!

-9 का राहू दे? काही न सांगता पीकिल 15 नंबरचा सिग्नल पाठवतं, म्हणजे प्रोग्रामला फाइल बंद करायला, लॉक काढायला, चालू काम आवरायला वेळ मिळतो. 9 पकडताच येत नाही, आवरायचा प्रश्नच नाही. पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका बॅकएंडला (एक कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस) 9 मारून बघा, बाकीची सगळी कनेक्शनही खाली येतात आणि डेटाबेस रिकव्हरीत जातो. आणि 9 ने सगळं मरतं हेही खोटं. डी स्टेटमध्ये डिस्कची वाट बघत अडकलेली प्रोसेस 9 लाही दाद देत नाही, झॉम्बी तर आधीच मेलेली असते, तिला सुरू करणाऱ्या पेरेंट प्रोसेसने दखल घेतली नाही एवढंच.

तर आधी पीग्रेप, यादी बघा, मग तेच पॅटर्न देऊन पीकिल. नाव तंतोतंत हवं असेल तर -एक्स, फक्त आपल्याच प्रोसेस हव्या असतील तर -यू आणि आपलं युजरनेम. लोक -एफ कडे वळतात त्याचं एक खरं कारण आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेसचं नाव 15 अक्षरांपर्यंतच ठेवतो, लांब नाव दिलं की पीकिलला काही सापडतच नाही. तिथे -एफ लावाच, पण पॅटर्नमध्ये फाइलचा पूर्ण पाथ द्या. आणि मारून परत चालू करायचं असेल तर ते सर्व्हरवरच एका स्क्रिप्टमध्ये ठेवा, तिच्या नावात तो शब्द येऊ देऊ नका.

हे सगळं लिनक्सचं हं. किलऑल लिनक्सवर नावाने मारतं, जुन्या सोलारिसवर त्याच नावाची कमांड खरोखर सगळंच मारायची, तेव्हा अनोळखी मशीनवर जपून. विंडोजवर टास्ककिल, /आयएम देऊन, शेवटी .ईएक्सई सकट.

आणि मारलेली प्रोसेस परत परत उठत असेल तर ती सिस्टिमडीची (सर्व्हिस चालू ठेवणारा प्रोग्राम) सर्व्हिस असेल, तिथे पीकिल नाही, सिस्टिमसीटीएल स्टॉप. ते काय करतं माहितीये? आधी 15 पाठवतं, डिफॉल्ट 90 सेकंद वाट बघतं आणि तरी नाही मेली तर मगच 9. साहेबांना हे तेव्हा सांगायचं राहूनच गेलं, वाचत असतील तर आता कळेल.