‘मॅडम, मग मला थायरॉइड आहे की नाही?’

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. हातात थायरॉइडच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट असतो. टीएसएचच्या रकान्यात पाचाच्या किंवा सहाच्या घरातला ठळक छापलेला आकडा, शेजारी चांदणीची खूण. खाली टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, मात्र व्यवस्थित. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ‘बॉर्डरलाइन आहे, तीन महिन्यांनी परत बघू.’ ते तीन महिने काढायचे कसे, हे विचारायला माणसं माझ्याकडे येतात.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. गोळी सुरू करायची की नाही, हे ठरवणं माझं काम नाही. पण थायरॉइड मंदावलं की उत्साह जातो, झोप आणि वजन बिघडतं, रडू येतं. हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं. म्हणून नव्याने येणाऱ्या अनेकांना मीच ही तपासणी करायला सांगते. मी पाठवल्यावर आलेल्या आकड्याने कुणाची झोप उडाली, तर तिच्याकडे पाहणं मी माझी जबाबदारी मानते.

गेल्या वर्षी आलेल्या एका बाईंचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, नावाऐवजी नुसतं ताई म्हणते. वय ४१, राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टात, मुलगा दहावीत. सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. ताईंनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि माझ्या टेबलावर रिपोर्ट ओळीने मांडले. चार महिन्यांत पाच: ५.८, ४.९, ६.७, ४.२, ५.५. डॉक्टरांनी यातल्या दोनच तपासण्या सांगितल्या होत्या. उरलेल्या तीन त्यांनी आपल्या मनाने, वेगवेगळ्या लॅबमध्ये करून घेतल्या होत्या.

‘६.७ आला त्या रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत बसले. ४.२ आला तेव्हा वाटलं, लॅबच चुकली असणार.’

‘४.२ म्हणजे मर्यादेच्या आतच. बरं नाही वाटलं?’

त्या काहीच बोलल्या नाहीत. रिपोर्ट गोळा करून परत फाइलमध्ये लावू लागल्या. ती शांतता मी लक्षात ठेवली.

त्या दिवशी त्यांना एवढंच काम दिलं, की प्रत्येक रिपोर्टच्या कडेला पेन्सिलीने लिहायचं: रक्त किती वाजता दिलं, कुठल्या लॅबमध्ये, त्या आठवड्यात काय चाललं होतं. पुढच्या वेळी कागद भरून आले. ६.७ सकाळी सव्वासातचा, तापातून उठल्यावर आठवड्याभरातला. ४.२ शनिवारी दुपारी तीनचा, दुसऱ्याच लॅबमधला. शिवाय तेव्हा केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या. हे सगळं घेऊन त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. टीएसएच रात्री आणि पहाटे चढतं, दुपारी उतरतं. आजारातून उठताना ते काही दिवस वर राहू शकतं. बायोटिन काही यंत्रांना फसवतं, आकडा आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. मर्यादेची रेघसुद्धा निरोगी माणसांच्या रक्तावरूनच काढलेली असते, आणि ती अशी की शंभरातली साधारण पाच निरोगी माणसं तिच्या बाहेरच राहतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ताईंना पहिल्यांदा पटलं, की पाच रिपोर्ट म्हणजे पाच वेगवेगळे आजार नव्हेत.

‘पण टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी, हे उलटं गणित डोक्यात बसत नाही,’ त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते येतं. थायरॉइडला कामाला लावणारी ती हाक आहे. थायरॉइडने काम किती केलं, ते टी-फोर सांगतं.

जरा विचार करून त्या हसल्या. ‘म्हणजे मी सकाळी आमच्या चिरंजीवांना उठवते तसं. पूर्वी एका हाकेत उठायचा, आता तीन लागतात. पण शाळेची बस काही चुकत नाही.’

इतकं नेमकं मला आजवर सुचलं नव्हतं. तेव्हापासून त्यांची परवानगी घेऊन मी हा दाखला सगळ्यांना देते. टीएसएच वर आणि टी-फोर नॉर्मल, म्हणजे हाका वाढल्यात, बस चुकलेली नाही. हाका आणखी वाढतात का, बस चुकू लागते का, हे बघायला तीन महिने दिलेले असतात.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. अर्थ लागला होता, भीती उतरली होती. तरी चौथ्या भेटीत ताईंच्या तोंडून निघून गेलं, ‘परवा अजून एकदा करून घेऊ का? नुसती खात्री म्हणून.’

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे माणसाचे आग्रही विचार तपासणाऱ्या समुपदेशनात, तयार झालेली. आकड्यापेक्षा आकड्याभोवती बांधलेला आग्रह माणसाला जास्त छळतो, असं मी बावीस वर्षं मानत आणि पाहत आले आहे. ‘मला खात्री मिळालीच पाहिजे’ हा ताईंचा आग्रह मी पहिल्याच भेटीत ओळखला होता. पण खात्रीसाठी तळमळणारं माणूस ४.२ पाहून जरा तरी सुखावलं असतं. त्या दिवशीची ती शांतता मला आठवली.

‘ताई, ४.२ आला तेव्हा नक्की काय झालं?’

‘रडू आलं.’

‘कशाचं?’

बराच वेळ त्या ओढणीच्या टोकाला गाठ मारत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नॉर्मल आला म्हणून. आजार निघाला असता तर घरी सांगता आलं असतं. नुसती थकते म्हटलं, तर सगळेच म्हणतात, कोण थकत नाही?’

मीही थोडा वेळ काही बोलले नाही. चार महिने ही बाई रक्त देत होती, ते आडवं होण्याची परवानगी मिळावी म्हणून. आजार नसल्याची खात्री तिला नकोच होती. कुणीतरी ठळक अक्षरांत छापून द्यावं, की हिला आता बसू द्या. आणि बॉर्डरलाइन रिपोर्ट नेमका तेच देत नाही. धड आजारी म्हणत नाही, धड बरी म्हणत नाही. ‘सबळ कारण असल्याशिवाय मी थकता कामा नये,’ हा दुसरा आग्रह पहिल्याच्या खाली दडला होता. तो मला सापडला याचं आजही समाधान वाटतं. त्यानंतर मी बॉर्डरलाइन रिपोर्ट घेऊन आलेल्या प्रत्येकीला एक प्रश्न विचारते: हा आकडा काय निघावा असं तुम्हाला मनातून वाटत होतं? उत्तर द्यायला जी वेळ घेते, तिच्याशी पुढचं बोलणं थायरॉइडबद्दल क्वचितच होतं.

थकवा खोटा नव्हताच. सासूबाईंना रात्री दोनदा उठून बघायचं, पहाटे पाचला डबे. जेमतेम साडेचार-पाच तास झोप. मी पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा हिमोग्लोबिनही कमी निघालं. पाच वेळा टीएसएच पाहिलेल्या बाईने ते दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. थकव्याला आधी थायरॉइडचं नाव देऊन मोकळं होण्याचा हा तोटा.

घरी काय बोलायचं, याचा सराव आम्ही दोन भेटी केला. मग एका रविवारी त्यांनी यजमानांना सांगितलं, आठवड्यातल्या तीन रात्री आईंकडे तुम्ही बघा.

‘का? रिपोर्ट काय म्हणतो?’

‘रिपोर्ट काही म्हणत नाही. मी म्हणतेय.’

हे मला सांगताना त्यांचा आवाज जरा चढला होता.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे, त्यांना माझं सांगणं आहे: पुढची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच करा, साधारण दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि सकाळी त्याच सुमाराला. बायोटिन किंवा केसांच्या गोळ्या घेत असाल तर त्या आधी किती दिवस थांबवायच्या, ते विचारा. फ्री टी-फोर आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी) करायचं का, तेही विचारा. अँटी-टीपीओ वाढलेलं असेल तर पुढे थायरॉइड मंदावण्याची शक्यता जास्त असते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. वाढलेल्या आकड्यांपैकी बरेच दुसऱ्या खेपेला आपोआप खाली आलेले दिसतात. टीएसएच १० च्या वर गेलं तर डॉक्टरांचा कल सहसा गोळीकडे असतो.

‘एवढीशी गोळी, घेऊन टाकायला काय जातं,’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक माहिती. २०१७ मध्ये युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६५ च्या पुढच्या, असाच बॉर्डरलाइन आकडा असलेल्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिखाऊ. वर्षभराने थकव्यात दोन्ही गटांमध्ये फरक निघाला नाही. तरुण वयाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण थकव्याचं उत्तर दरवेळी त्या गोळीत नसतं, इतकं त्यातून कळतं. नको तेवढी घेतली तर हृदयाची लय आणि हाडं दोन्ही बिघडू शकतात.

मात्र दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल, तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा. तिथले नियम वेगळे आहेत. गळ्याला सूज असेल, हृदयाचं दुखणं असेल, लिथियम (मनःस्थितीच्या आजारावरचं औषध) चालू असेल, त्यांनीही. आणि चालू असलेली गोळी हे वाचून बंद करू नका. कृपा करून नका.

ताईंचा फोन तीन महिन्यांनी आला, मुलाच्या अभ्यासाबद्दल विचारायला. ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘हो, रिपोर्ट आला मागच्या आठवड्यात. ४.८. अँटी-टीपीओ नॉर्मल. आता सहा महिन्यांनी.’ ती तारीख त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहितात तिथेच.