तिसरं प्रकरण आधी पाठव

प्रिय मैत्रिणीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाच पानं तू नोकरी सोडावी की टिकून राहावं यावर लिहिलीस, आणि चौथ्या पानावर कंसात एक वाक्य टाकलंस: प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावरचा पेपर दीड वर्षापासून ‘जवळजवळ तयार’ आहे. उत्तर त्या कंसापासूनच सुरू करते.

तू दोन प्रश्न एकमेकांत गुंतवलेस. ‘राहणार असेन तर पेपर काढायचा, जाणारच असेन तर कशाला काढायचा?’ असा तुझा हिशेब दिसतो. मला तो उलटा वाटतो. प्राध्यापकी सोडताना बरोबर काय नेता येतं ते बघ. अभ्यासक्रम तू आखलास, पण तो विभागाचा. अहवाल, मूल्यांकनाच्या फायली, वेळापत्रकं, परिषदेचं आयोजन, सगळं तिथल्या कपाटात राहणार. तुझं नाव लावून छापलेलं लिखाण मात्र तुझ्याबरोबर येतं. अकरा वर्षं शिकवून मी ग्रंथप्रकाशनाच्या संपादकीय विभागात आले, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात माझे दोन लेख होते. मी किती समित्यांवर होते हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. म्हणून म्हणते, जाणारी असशील तर तो पेपर जास्तच निकडीचा आहे.

आता तो दीड वर्ष का अडकलाय? ‘मी आळशी आहे’ असं तू लिहिलंस. ते मला मान्य नाही. एरिन हेंगेल या संशोधिकेने अर्थशास्त्रातल्या अव्वल जर्नल्समधले हजारो लेखसारांश तपासले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात दिसलं, की स्त्रियांचं लेखन पुरुषांच्या लेखनापेक्षा वाचायला सुबोध होतं, परीक्षणातून, म्हणजे जर्नलने नेमलेल्या तज्ज्ञांच्या तपासणीतून, जाताना ते आणखी सुबोध होत गेलं, आणि तिला तपासता आलेल्या एका जर्नलमध्ये स्त्रियांचे पेपर परीक्षणात जास्त काळ अडकले. तिचा निष्कर्ष असा, की स्त्रियांच्या लेखनाला जास्त कडक कसोटी लावली जाते आणि अनुभवाने त्या आधीच जास्त घासूनपुसून लिहू लागतात. तुझ्या दीड वर्षातला मोठा भाग या घासण्यात गेलाय. कसोटी अन्यायाची आहे हे खरं. पण ज्या वेळात दोन पेपर झाले असते त्यात एक होतो, आणि शेवटी मोजणाऱ्याला एकच दिसतो. तो किती घासलाय हे कुणी मोजत नाही.

म्हणून एक कर. मजकूर दोघांना वाचायला दे. एक तुझ्या विषयातली आणि एक शेजारच्या विषयातली. तिसऱ्या वाचकाकडे जाऊ नकोस. त्यांच्या सूचना आल्यावर तीन आठवडे काम कर आणि पाठव. पेपर निर्दोष करणं तुझ्या एकटीचं काम नाही, परीक्षक त्यासाठीच असतात.

प्रकरणाचा पेपर करताना मात्र निर्दयपणे काप. प्रबंध पदवीच्या परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. आपण सगळं वाचलंय हे तिथे सिद्ध करायचं असतं, म्हणून आधीच्या संशोधनाचा आढावा लांबतो. जर्नलच्या वाचकाला तुझं वाचन तपासायचं नसतं. त्याला हवं असतं की तुला काय सापडलं आणि त्यामुळे आधीच्या समजुतीत काय बदललं. ते पहिल्या पानावर, एका वाक्यात आलं पाहिजे. ते वाक्य तुला लिहिता येत नसेल तर त्या प्रकरणात दोन पेपर दडलेत असं समज आणि एकच निवड.

आणि तुझी ती ‘असं कदाचित म्हणता येऊ शकेल’ची सवय. मागच्या मसुद्यात मी एका पानावर सहा ठिकाणी खुणा केल्या होत्या. शंका खरी असेल तिथे ती स्पष्ट लिहावी, भिडेपोटी लिहू नये. खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेनचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९२५ च्या प्रबंधात तिने वर्णपटांवरून दाखवलं की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन प्रचंड प्रमाणात आहे. त्या काळच्या समजुतीच्या हे अगदी विरुद्ध होतं. हेन्री नॉरिस रसेल या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाने ते अशक्य ठरवलं, आणि तिने स्वतःच्याच निष्कर्षाबद्दल लिहून टाकलं की हे आकडे जवळजवळ नक्कीच खरे नाहीत. १९२९ मध्ये रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोहोचला. त्याने तिच्या कामाचा उल्लेख केला, तरी बराच काळ श्रेय त्याच्याकडेच गेलं. हार्वर्डमध्ये तिला पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९५६ साल उजाडलं. पंचविशीतल्या, पद नसलेल्या मुलीने मोठ्या माणसाचं ऐकलं यात तिचा दोष मी काढत नाही. पण तुझ्या तिसऱ्या प्रकरणातलं ते ‘कदाचित’ कुणाच्या सांगण्यावरून आलं, ते आठवून बघ. पुराव्याने आलं असेल तर राहू दे.

परीक्षकांचं पत्र येईल तेव्हा ते पहिल्या दिवशी वाचून बाजूला ठेव. चार दिवसांनी दोन रकाने आखून बस. डावीकडे त्यांचा एकेक मुद्दा, उजवीकडे तू काय केलंस, कोणत्या पानावर केलंस. जिथे परीक्षक चुकलाय तिथे ‘हा बदल केला नाही, कारण’ असं सभ्यपणे लिहायचा तुला पूर्ण हक्क आहे. आणि हे नीट लक्षात घे: ‘मोठे बदल करून पुन्हा पाठवा’ म्हणजे नकार नव्हे. संपादकाला तुझ्या कामात रस आहे. माझ्या टेबलावरून अशी पत्रं गेली आणि चांगल्या लेखिका परत आल्याच नाहीत, असं मी अनेकदा पाहिलंय. त्यातल्या एकीला वर्षभराने मी फोन करून विचारलं. तिने ते पत्र बंद दरवाजा समजून कपाटात ठेवलं होतं. त्या फोनचं मला आजही वाईट वाटतं, कारण तो मी दोन महिन्यांतच करायला हवा होता.

वेळ कुठून आणू, असं तू विचारशील. मला वाटतं तो समित्यांमध्ये आहे. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की ज्या कामाने बढतीला काही हातभार लागत नाही, ते करायला मिश्र गटात स्त्रिया जास्त वेळा पुढे येतात आणि त्यांनाच जास्त वेळा विचारलंही जातं. यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. फक्त पुरुषांच्या गटात पुरुषही तेवढेच पुढे येत होते. म्हणजे हा स्वभाव नाही, बाईच पुढे येईल ही अपेक्षा आहे आणि ती आपल्यावर येऊन बसते. पुढच्या बैठकीत काम कुणी घ्यायचं असं विचारून सगळे गप्प झाले, की तूही गप्प बस. ती शांतता फार लांब वाटते, पण ती संपते आणि कुणीतरी हो म्हणतं.

सहलेखनाबद्दल थोडक्यात. नावांचा क्रम पहिला परिच्छेद लिहिण्याआधी ठरवा आणि ईमेलमध्ये नोंदवा. अनेक जर्नल्स आता कुणी काय केलं हे चौदा ठरावीक भूमिकांमध्ये मांडायला सांगतात. ते फॉर्म स्वतः भर, दुसऱ्यावर सोडू नकोस. आणि सगळेच पेपर गाइडबरोबर काढू नकोस. हेदर सार्सन्स हिने अर्थशास्त्रात दाखवलंय की पुरुषांबरोबर लिहिलेल्या पेपरचं श्रेय बढतीच्या वेळी स्त्रियांना कमी मिळतं. तिसरं प्रकरण तुझ्या एकटीच्या नावावर निघू दे.

आता सोडण्याबद्दल. सोड किंवा राहा, यातलं काहीच मी सांगणार नाही. तू लिहिलंस की बाहेर पडणं म्हणजे हरणं वाटतं. एमआरएनए लशींमागचं संशोधन करणाऱ्या कॅटलिन कारिकोला १९९५ मध्ये विद्यापीठात खालच्या पदावर आणलं गेलं. ज्या २००५ च्या पेपरमुळे पुढे २०२३ चं नोबेल मिळालं, तो निघाला तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१३ मध्ये ती एका कंपनीत गेली आणि काम तेच चालू ठेवलं. मी हे ‘धीर धर, नोबेल मिळेल’ म्हणून सांगत नाहीये. पत्ता बदलला तरी तिचा प्रश्न तिच्याकडेच राहिला, एवढंच मला त्यात दिसतं. तुझा प्रश्न कोणता, जो तू कुठेही नेशील, हे मला पुढच्या पत्रात लिही.

दुःख होईल, हे मात्र आधीच सांगते. मला ते वर्षभर झालं. नव्या ओळखीत स्वतःबद्दल काय सांगायचं हे सुचायचं नाही. जुने सहकारी ‘परत कधी येणार?’ विचारायचे, नंतर त्यांनी विचारणंही सोडलं, आणि ते जास्त लागलं. मग एके दिवशी एका नवख्या लेखिकेच्या हस्तलिखिताचं दुसरं प्रकरण पहिलं करायला सांगितलं आणि पुस्तक उभं राहिलं. शिकवताना जे मिळायचं तेच त्या दुपारी मिळालं.

निघायचं ठरलंच तर घाई करू नकोस. नव्या कामाचं पत्र हातात आल्याशिवाय राजीनामा नको. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, आजच काढ. २०१२ पासून ही सोय आहे, फुकट आहे, आणि नोकरी किंवा आडनाव बदललं तरी तुझं लिखाण तुझ्याशी जोडलेलं राहतं. पेपर पाठवताना संस्थेचा नव्हे, स्वतःचा ईमेल दे. माझा एक लेख असाच गेला. मी निघाल्यावर जुना ईमेल बंद झाला, परीक्षकांचं पत्र तिथेच पडून राहिलं, मुदत संपली आणि लेख मागे घेतला असं धरलं गेलं. पुन्हा पाठवायचं बळ यायला दोन वर्षं लागली. नोकरी सोडल्यावर ग्रंथालयाचा प्रवेशही बंद होतो, तेव्हा लागणारे संदर्भ आधी वाचून टिपून ठेव. माहितीसाठा कुणाच्या मालकीचा आहे हे करारात बघ आणि वापराची परवानगी लेखी घे.

अर्ज करताना ‘पीएचडी, अमुक विषय’ एवढ्यावर थांबू नकोस. चार वर्षं एक गुंतागुंतीचं काम तू एकटीने आखलंस, मुलाखती घेतल्यास, विखुरलेल्या माहितीतून अर्थ काढलास, विरोधी प्रश्नांना उभं राहून उत्तरं दिलीस. संपादन, धोरण-संशोधन, संग्रहालयं, संशोधन-निधीचं व्यवस्थापन, या ठिकाणी हेच लागतं. पण त्यांना ते त्यांच्या शब्दांत सांगावं लागतं. अशा कामात असलेल्या तीन जणींशी अर्धा तास बोल. नोकरी मागू नकोस, त्यांचा मंगळवार कसा जातो ते विचार.

आणि मराठीत लिही. इरावती कर्व्यांनी नातेसंस्थेवरचा अभ्यासग्रंथ १९५३ मध्ये इंग्रजीत काढला आणि महाभारतातल्या माणसांवर मराठीत लिहिलं. त्या मराठी लेखनाला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ते आजही घराघरांत वाचलं जातं. दोन्हीकडे विचार करणारी बाई एकच होती. तुझा विषय तुझ्या आईला समजेल असा पंधराशे शब्दांत लिहून बघ. पेपरचं ते एका वाक्यातलं म्हणणंही त्यातच सापडेल असं मला वाटतं.

येत्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तिसरं प्रकरण मला पाठव. आहे तसं, आढाव्यासकट. कापायला आपण फोनवर एकत्र बसू. शनिवारी सकाळी मी मोकळी असते.

तुझी,
ताई