फ्रीलान्स लेखकांची प्रश्नोत्तरे : आधी पीओ (परचेस ऑर्डर), मग मसुदा

पत्रांवरची गावे बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. कोणाचे बिल थकले आहे, कोणाचा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापून कुठे गेला ते कळत नाही, कोणाला कोर्टाच्या नावाने धमकी आली आहे. लेखन-अनुवादावर घर चालवायचे तर भाव, बिल आणि मुदत यांचा हिशेब लागतो, आणि नेमका तोच कोणी शिकवत नाही. खालची उत्तरे सर्वसाधारण आहेत. तुमची कागदपत्रे पाहिल्याशिवाय अंतिम सल्ला कोणी देत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

उद्यम नोंदणीसाठी एका संकेतस्थळाने २,५०० रुपये मागितले. शिवाय दरवर्षी नूतनीकरण लागते म्हणतात. भरू का? (अनुवादक, सातारा)

नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यावसायिकांची सरकारी नोंदणी, मोफत आहे आणि तिला नूतनीकरण नसते. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलेल्या सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन घेऊन स्वतः बसा.

शब्दामागे किती दर घ्यावा? ग्रुपवर कोणी ३० पैसे सांगते, कोणी ३ रुपये. (नाशिक)

ग्रुपवरचे दर बाजूला ठेवा. ते सांगणाऱ्याचा घरखर्च वेगळा, तुमचा वेगळा. समजा घरखर्च ४०,००० रुपये आहे. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज आणि सीएची फी मिळून ८,००० होतात. कर, आरोग्यविमा आणि कामाविना जाणाऱ्या महिन्यांसाठी १२,००० बाजूला काढायचे. एकूण ६०,०००. महिन्याला २२ दिवस काम धरा, पण दिवसाचे आठही तास बिलात येत नाहीत. मेल, कोटेशन, दुरुस्त्या आणि वसुलीचे फोन यांत निम्मा वेळ जातो. उरले ८८ तास, म्हणजे तासाला सुमारे ६८० रुपये. वाचन आणि एक फेरतपासणी धरून तुमचे तासाला ३०० शब्द होत असतील, तर दर निघतो शब्दाला सव्वादोन रुपये. ३० पैशांनी तेच ६०,००० मिळवायचे तर महिन्याला २ लाख शब्द हवेत, म्हणजे रोज ९,०००हून जास्त. इतके धड लिहून होत नाही. आता तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा.

१०,००० शब्दांचा इंग्रजी मजकूर मराठीत करून दिला. एजन्सीने ८,४०० शब्दांचेच बिल मंजूर केले. ही फसवणूक ना? (ठाणे)

बहुधा नाही, पण ठरवताना चूक झाली. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘घरामध्ये’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. म्हणून इंग्रजीतले १,००० शब्द मराठीत अनेकदा ८०० ते ९००वर येतात. दर मूळ शब्दांवर की अनुवादित शब्दांवर, हे कोटेशनमध्ये लिहायलाच हवे. इंग्रजीतून मराठी करताना मूळ शब्द धरा. फाइल हातात येताच दोघांनाही रक्कम कळते. मराठीतून इंग्रजी करताना शब्द वाढतात, तिथे अनुवादित शब्द धरा किंवा दर वाढवा.

एजन्सी ट्रान्सलेशन मेमरी (आधीचे अनुवाद साठवून जुळणारी वाक्ये दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरत असेल तर आधीच जुळणाऱ्या वाक्यांना ती कमी दर लावते किंवा काहीच देत नाही. जुळणीचा तक्ता काम घेण्यापूर्वी मागा. शंभर टक्के जुळणाऱ्या वाक्यांनाही शून्य दर मान्य करू नका, कारण इंग्रजीतल्या एकाच ‘सिलेक्टेड’चे मराठीत निवडला, निवडली, निवडले असे काहीही होऊ शकते आणि प्रत्येक जागा तपासावीच लागते.

एका एजन्सीसाठी आठ लेख लिहिले. सगळे फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ठरले होते. ६४,००० रुपये पाच महिने अडकले आहेत. ‘क्लाएंटकडून आले की देतो’ म्हणतात. अजून थोडी वाट पाहावी का? (सांगली)

एक दिवसही पाहू नका. या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण चांगले लिहिणारी माणसे याच ठिकाणी धंदा सोडतात.

तुमचा व्यवहार एजन्सीशी झाला. तिच्या क्लाएंटने तिला पैसे दिले की नाही, याच्याशी तुमचा संबंध नाही. तशी अट तुम्ही स्वतः मान्य केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून जुने मेसेज आधी वाचून काढा. ‘लेखी नाही म्हणजे करारच नाही’ ही ऐकीव गोष्ट डोक्यातून काढा. १८७२च्या करार कायद्याने तोंडी करारही करार असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. त्यासाठी ते चॅट आणि तो फोन दोन्ही जपा. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा, पण मूळ चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही.

आज एक ईमेल पाठवा. प्रत्येक लेखाचे नाव, दिल्याची तारीख, शब्दसंख्या, दर, रक्कम आणि शेवटी एकूण ६४,००० लिहा. ‘सात दिवसांत रक्कम द्यावी किंवा देण्याची तारीख लेखी कळवावी’ एवढेच म्हणा, रागाचा शब्द नको. ‘हो, देणे आहे, पुढच्या महिन्यात करतो’ असे उत्तर आले तर ते जपून ठेवा. अशा वसुलीच्या दाव्याला १९६३च्या मुदत कायद्याने साधारण तीन वर्षे मिळतात. त्या मुदतीत समोरच्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद राहिली, तर मुदत नव्याने मोजली जाते. ईमेलमधली कबुली तुमच्या प्रकरणात पुरेल का, हे वकील सांगतील. उत्तर आले नाही तर आठव्या दिवशी वकिलामार्फत नोटीस द्या.

आता उद्यम. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे, लेखी मुदत ठरली असली तरी, ४५ दिवसांपलीकडे ठेवता येत नाहीत. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. बँक रेट ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के होते. तक्रार तुमच्या भागातल्या सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकलेल्या बिलांचे वाद ऐकणारी सरकारी यंत्रणा) जाते, देणेकरी दिल्लीचा असो की बंगळुरूचा. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर त्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र काम संपल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांसाठी हा लाभ मागणे न्यायालयांत टिकणे कठीण आहे. तुमची नोंदणी कधीची, यावर सगळे अवलंबून आहे. ते वकिलाला दाखवा. नोंदणी नसेल तर निदान पुढच्या कामासाठी आजच करा.

उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात असा नियम आहे की सूक्ष्म-लघु व्यावसायिकाचे पैसे वरच्या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा करता येत नाही. अकाउंट्स विभागाला हे पक्के ठाऊक असते. फेब्रुवारीत याची आठवण देणारा एक सभ्य मेल मार्चमधल्या दहा फोनांपेक्षा जास्त काम करतो.

खरी चूक मात्र आधीच झाली होती. पहिल्या लेखाचे पैसे न येताच आठवा दिला गेला. नव्या क्लाएंटकडे पहिल्या लेखाचे पैसे येईपर्यंत तिसरा लेख देऊ नका. सुरुवातीला ३० ते ५० टक्के आगाऊ घ्या. सुरुवातीच्याच मेलमध्ये दर, शब्दसंख्या, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, सात दिवसांत हरकत न आल्यास मसुदा मान्य, बिलापासून ३० दिवसांत पैसे आणि अर्ध्यात काम रद्द झाल्यास निम्मी रक्कम, एवढे लिहा आणि ‘मान्य’ असे उत्तर येईपर्यंत फाइल उघडू नका. कंपनी मोठी असेल तर आधी व्हेंडर नोंदणी (त्यांच्या पुरवठादारांच्या यादीत नाव) आणि पीओचा, म्हणजे कंपनीच्या लेखी ऑर्डरचा, क्रमांक मागा. पीओ नसलेले बिल त्यांच्या प्रणालीत चढतच नाही. मग ‘बिल अकाउंट्सला पाठवलंय’ हे खरे असूनही महिने जातात.

ऑनलाइन लेखनकामाचा करार केला होता. आता ‘मुदत चुकली, १५,००० भरा नाहीतर अटक’ अशी कोर्टाची नोटीस व्हॉट्सॲपवर आली आहे. (जालना)

एक पैसाही देऊ नका. हा जुना सापळा आहे: आधी पूर्ण न होणारे काम आणि अशक्य अचूकतेची अट, मग खोट्या वकिलाची नोटीस. कामाची मुदत चुकली म्हणून अटक होत नाही, आणि न्यायालय कोणाच्या यूपीआयवर दंड मागत नाही. आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे आधीच गेले असतील तर तासातासाचा फरक पडतो. नोटीस खरी असावी अशी शंका वाटत असेल तर ती घेऊन जवळच्या वकिलाकडे जा.

२०,०००च्या बिलाचे १८,०००च आले. (कोल्हापूर)

१० टक्के टीडीएस कापला आहे. १ एप्रिल २०२५पासून एका देणेकऱ्याकडून वर्षाला ५०,०००पर्यंतच्या व्यावसायिक फीवर तो बंधनकारक नाही, तरी कंपन्या सुरुवातीपासून कापतात. आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला ती रक्कम तुमच्या पॅनसमोर दिसते का पाहा. दिसत नसेल तर अकाउंट्सकडून विवरणपत्र दुरुस्त करून घ्या. रिटर्न भरल्यावर ही रक्कम करात वळती होते किंवा परत मिळते.

यूट्यूबवर सांगतात, फ्रीलान्सरने मिळालेल्या फीच्या सरळ ५० टक्केच करपात्र उत्पन्न दाखवायचे. बरोबर का? (पुणे)

सरसकट नाही. ही सवलत कायद्यात नाव घेतलेल्या व्यवसायांना आहे. चित्रपटाचे कथा, पटकथा, संवाद आणि गीतलेखक त्या यादीत स्पष्टपणे आहेत. जाहिरात किंवा ब्लॉग लिहिणाऱ्याचा उल्लेख नाही. तुमचे काम कुठे बसते, हे सीएकडून ठरवून घ्या, तेही मार्चच्या आधी. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा अधिक निघत असेल तर आगाऊ कर भरायचा असतो, आणि उशिराचे व्याज व्हिडिओ करणारा भरत नाही.

क्लाएंट परदेशी असला की जीएसटी नोंदणी सक्तीची का? (पणजी)

फक्त तेवढ्यावरून नाही. महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे सेवांसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. राज्याबाहेरच्या सेवांनाही तीच सवलत २०१७पासून आहे. मर्यादा ओलांडायच्या आधी सीएला भेटा. नोंदणी झाल्यावर परदेशी बिलांवर कर न लावता काम करायचे तर दरवर्षी एलयूटी (त्यासाठीचे हमीपत्र) भरावे लागते. काम नसलेल्या महिन्यांचे रिटर्नही चुकवून चालत नाही.

मी लिहिलेले लेख कंपनीने दुसऱ्याच्या नावाने पुस्तकात छापले. पैसे मिळाले होते, मग हक्क कोणाचा? (नागपूर)

तुम्ही नोकरीत नव्हता, त्यामुळे १९५७च्या कॉपीराइट कायद्याने पहिला हक्क तुमचा. पैसे मिळाले म्हणून तो आपोआप जात नाही. तुमच्या सहीचा लेखी हस्तांतरण-करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. हक्क विकला तरी लेखक म्हणवून घेण्याचा अधिकार कलम ५७नुसार तुमच्याकडे राहतो. मात्र दुसऱ्याच्या नावाने लिहून देण्याचे तुम्ही कबूल केले होते का, हे आधी पाहावे लागेल. पुढच्या वेळी ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित’ हे वाक्य घाला. आत्ता पुस्तक, मूळ फाइल आणि पाठवलेले मेल घेऊन कॉपीराइटचे काम करणाऱ्या वकिलाकडे जा.

क्लाएंट एआयचा मराठी मसुदा पाठवतो, ‘फक्त तपासून द्या’ म्हणतो, दर चौथाई. घ्यावे का? (डोंबिवली)

शब्दावर घेऊ नका. आधी ५०० शब्द घड्याळ लावून तपासा. लिंग, वचन, विभक्ती आणि इंग्रजी वळणाची वाक्ये दुरुस्त करण्यात वेळ बहुधा नव्याने लिहिण्याइतकाच जातो. तेवढे तास मोजून तासाचा दर सांगा.

अमेरिकन क्लाएंटने डब्ल्यू-८बेन फॉर्म मागितला. देऊ का? (औंध)

हो. तुम्ही अमेरिकी करदाते नाही, एवढे सांगणारा तो फॉर्म आहे. भारतात बसून काम करत असाल तर भरून क्लाएंटलाच पाठवा. सही करण्यापूर्वी सीएला एकदा दाखवा.