पिल्लांचे पहिले दिवस चुकवू नका
खानापूरकडे तुम्ही वराहपालन सुरू करत आहात, याचा मनापासून आनंद झाला. मोठ्या डुकरांच्या खुराकाची चिंता नंतर करा. आधी पिल्लांचे पहिले आठवडे सांभाळा, कारण तेव्हा मागे पडलेले पिल्लू पुढे क्वचितच भरून काढते. जन्मानंतर 6 तासांच्या आत प्रत्येकाच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, आणि जे पिल्लू थरथरत कडेला पडते, त्याला स्वतः उचलून पुढच्या सडाला लावा, तिथे दूध अधिक असते. आईच्या दुधात लोह फार कमी असल्याने तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडून लोहाचे इंजेक्शन द्या.

नवखे हमखास चुकतात ते दूध तोडताना. दहाव्या दिवसापासून मूठभर कोरडे खाद्य रोज ताजे ठेवले नाही, तर एकदम मका-पेंड पुढे आल्यावर पिल्लू खात नाही, त्याला हगवण लागते आणि वाढ खुंटते. बेळगावच्या हॉटेलांतले खरकटे पिल्लांना मुळीच देऊ नका.