काजूच्या भट्टीवर जाताना

प्रश्न : एप्रिलमध्ये गोव्यात एका घरगुती काजूभट्टीवर, म्हणजे काजूची दारू गाळतात तिथं, चव घ्यायला आणि जेवायला बोलावलंय. सासूबाई सोबत असतील, त्या दारूला शिवत नाहीत. त्यांना नेऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, नक्की न्या, पण सकाळी लवकर. पेडण्याला माझ्या मामाच्या बागेत झाडावरून गळलेले बोंडूच, म्हणजे काजूची रसाळ फळंच, वेचायचे, तोडायचे नाहीत, असा दंडक होता. बोंडू तुडवले की उरलेल्या चोथ्यावर दगडाचं वजन ठेवायचं. त्यातून थेंबथेंब गळतो तो नीरो. सासूबाईंना तो ताजाच द्या. गोड, किंचित तुरट. दुपारपर्यंत ठेवला तर आंबू लागतो.

बाकी रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, मग तो चुलीवर चढतो. पहिल्या धारेचा हुर्राक, साधारण १५ टक्के मद्यार्काचा, उन्हाळ्यातच मिळतो. लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून घ्या. पुन्हा गाळली की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. तिचा घोट अगदी लहान घ्या. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिचा तो उग्र वास पहिल्यांदा सगळ्यांनाच दचकवतो.

जेवणात ओल्या काजूगरांची उसळ मागाच, तळलेला बांगडा आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर ही कोशिंबीर हवीच. उपाशीपोटी चव घेऊ नका. गाडी चालवणाऱ्यानं फक्त नीरो प्यावा. आणि बाटली महाराष्ट्रात विनापरवाना आणू नका, तपासणी नाक्यावर जप्त होते, गुन्हाही दाखल होतो.