नेत्यांवरचा संशय आणि हवेतला कार्बन

प्रश्न : पृथ्वीचे हवामान हिमयुगापासून बदलतच आले आहे. अमेरिका पॅरिस करारात कधी येते, कधी बाहेर पडते. तेल विकणारे देश हवामान परिषदा भरवतात. पुढारपण करणारेच गंभीर नसतील, तर माणसामुळे तापमान वाढते आहे हे तरी खरे कशावरून मानायचे?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळे संशय एकत्र आले आहेत. त्यांतला नेत्यांविषयीचा संशय अगदी रास्त आहे. जुलै 1997 मध्ये, उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो कराराच्या आधीच, विकसनशील देशांवर बंधन न घालणारा करार अमेरिकेने करू नये असा ठराव तिथल्या सिनेटने 95 विरुद्ध 0 मतांनी केला. पुढे करारावर सही झाली, पण तो मंजुरीसाठी सिनेटपुढे कधी गेलाच नाही. 2015 च्या पॅरिस करारात प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे आहे आणि ते चुकल्यास दंड नाही. इतक्या सैल करारातूनही अमेरिका 2020 मध्ये बाहेर पडली, 2021 मध्ये परतली आणि जानेवारी 2025 मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. 2023 च्या दुबई परिषदेचे अध्यक्ष अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचेही प्रमुख होते. हवामान बदलाला तोंड देण्यासाठी गरीब देशांना 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करून देण्याचे 2009 मधले आश्वासन श्रीमंत देशांच्याच हिशेबानुसार 2022 मध्ये पुरे झाले, आणि त्यातला मोठा भाग कर्जाचा होता.

मात्र यातले काहीही कार्बन डायऑक्साइडचा गुणधर्म बदलू शकत नाही. हा वायू उष्णता शोषतो हे जॉन टिंडल यांनी 1859 मध्ये प्रयोगशाळेत दाखवले, तेव्हा संयुक्त राष्ट्रेही नव्हती आणि परिषदाही नव्हत्या. हवाईतील मौना लोआ येथे 1958 मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 315 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. ही भर कोळसा आणि तेलातूनच आली कशावरून? लाखो वर्षे जमिनीत गाडल्या गेलेल्या इंधनात किरणोत्सारी कार्बन-14 उरलेला नसतो आणि कार्बन-13 चे प्रमाणही कमी असते. हवेतील कार्बनमध्ये नेमकी हीच खूण वाढत चाललेली दिसते.

हिमयुगे आली आणि गेली हे खरेच आहे, परंतु ती प्रामुख्याने पृथ्वीच्या कक्षेतील हजारो वर्षांच्या संथ बदलांमुळे. आताची वाढ सूर्यामुळे असती, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हेच गणिताने वर्तवले होते. त्या पडताळ्याला माझ्या लेखी कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा अधिक वजन आहे. शंकेला खरी जागा आहे ती वाढ किती होईल याच्या अंदाजात : कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल, याची संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या (आयपीसीसी) 2021 च्या अहवालातील संभाव्य मर्यादा 2.5 ते 4 अंश सेल्सिअस आहे, आणि ती इतकी रुंद राहण्यामागे ढगांच्या वर्तनाचा मोठा वाटा आहे.

आपल्यासारख्या देशाला तर हे दोन संशय एकत्र करणे परवडणारे नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, म्हणून आधी कपात कोणी करायची आणि खर्च कोणी सोसायचा हे आपण ठणकावून विचारू शकतो. तापमानवाढच नाकारली, तर भरपाई कशाची मागायची? 2022 मध्ये इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथील हवामान परिषदेत हानी-नुकसान निधी, म्हणजे तापमानवाढीचा फटका बसलेल्या गरीब देशांना मदत देणारा निधी, मान्य झाला, तो बेटांनी आणि गरीब देशांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरल्यामुळेच. त्या निधीतील रक्कम अजून तुटपुंजी आहे. आपल्या शंका तिथे मांडाव्यात, असे मला मनापासून वाटते.