घाटाआधी सांधा

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही पाच जणांनी मिळून कर्जत ते लोणावळा या भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचे चालते मॉडेल एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, उभारायचे ठरवले आहे, हे वाचून फार आनंद झाला. सुमारे २८ किलोमीटरचा हा मार्ग या प्रमाणातही ३२० मीटरांहून लांब होईल, तेव्हा कोणता बोगदा ठेवायचा आणि कोणता पूल गाळायचा यावर तुमच्यात चर्चा रंगली असणार. ती काही दिवस बाजूला ठेवा आणि दोन मॉड्यूल, म्हणजे मार्गाचे वेगवेगळे बांधून नंतर जोडायचे फळ्यांचे तुकडे, जिथे एकमेकांना भिडतात, त्या कडेचा नियम आधी लिहून काढा.

जमिनीपासून रुळाची उंची, शेजारच्या दोन मार्गांमधले अंतर, बोल्टांच्या भोकांची जागा, वायरींचे रंग आणि कनेक्टर हे सारे त्या कागदावर असले पाहिजे. एकट्याने बांधणाऱ्याला हे मनात ठेवता येते. पाच घरांत पाच फळ्या तयार होणार असतील तर येत नाही. एका उत्पादकाचे डबे दुसऱ्याच्या रुळांवर नीट धावत नसल्यामुळेच अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेचा छंद असणाऱ्यांनी १९३५ साली राष्ट्रीय संघटना स्थापून समान मानके ठरवली. कडेच्या आत डोंगर कसा रंगवायचा, हे मात्र ज्याचे त्याला ठरवू द्या.

गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, वादही एकदाच मिटवा. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजशी जुळतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर. काटेकोर सभासदाला ही तफावत खुपेल आणि त्याचे चूक नाही. तरीही तयार रूळ, पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ) आणि चाके १६.५ मध्ये सहज मिळतात, म्हणून माझे मत त्याच बाजूने आहे.

आमच्या पहिल्या लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर, मी प्लायवूडच्या कापलेल्या कडांना सीलर लावला नव्हता. पावसाळ्यात कडा फुगल्या, सांध्यावरचा एक रूळ जेमतेम अर्धा मिलिमीटर वर आला आणि प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्येक गाडी नेमकी तिथेच घसरली. दोष माझा होता, पण खोळंबा सगळ्यांचा झाला, आणि याची खंत मला आजही आहे. म्हणून कडा चारी बाजूंनी सील करा, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालच्या मुख्य वायरीपासून स्वतंत्र जोडणी द्या. केवळ रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबलात तर गंज चढल्यावर वीजपुरवठा तुटक होतो.

खऱ्या घाटातला १ : ३७ चा चढ तसाच ठेवायचा असेल, तर तो सपाटीवरून एकदम सुरू करू नका, हळूहळू चढवा, नाही तर डबे जोडणारी कपलिंग सुटतात. मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारे जादा इंजिन, लावण्याची तुझी कल्पना मला मनापासून आवडली, कारण त्यावाचून हा घाट घाट वाटणारच नाही. मात्र पुढचे आणि मागचे इंजिन वेगवेगळ्या सभासदांचे असेल, तर दोन्ही डीकोडरांमधला (इंजिनात बसवलेल्या, आज्ञा घेऊन वेग ठरवणाऱ्या चिपांमधला) वेग आधी जुळवून घ्या. मागचे इंजिन जरा जरी वेगाने धावले, तरी वळणावर मधले हलके डबे बाहेर फेकले जातात.

गाड्या चालवण्याच्या दिवशी एकाने सेक्शन कंट्रोलर, म्हणजे साऱ्या मार्गावरच्या गाड्यांचे नियोजन करणारा, व्हावे, दोघांनी स्टेशनमास्तर, आणि लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनची गाडी सोडायची परवानगी, मिळाल्याशिवाय कोणीही गाडी सोडू नये. कुठला डबा कोणत्या सांध्यावर घसरला, याची नोंद वहीत तिथल्या तिथे करा. तीन आठवड्यांची वही चाळली की दोष चाकाचा आहे की रुळाचा, ते आपोआप दिसते.

पहिली दोन मॉड्यूल तयार झाली की रंग किंवा गवत लावण्याआधी मला बोलाव. बोल्ट आवळून एक डबा सांध्यावरून हाताने दहा वेळा ढकलून पाहू. चाकांचे अंतर तपासण्याचा गेज मी सोबत आणेन.

तुझा,
काका